अँग्लो-कॅथलिक परंपरा आणि व्यापक कॅथलिक वारसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अँग्लो-कॅथलिक म्हणजे नेमके कोण?

अँग्लिकन ख्रिस्तसभेचे सभासद राहूनच जे स्वतःला कॅथलिक मानतात, त्यांना अँग्लो-कॅथलिक म्हणतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे आहे, की इंग्लंडची ख्रिस्तसभा आठव्या हेन्रीने स्थापन केलेली नाही. इसवी सन ५९७ मध्ये ऑगस्टीन कँटरबरीला आला तेव्हापासून चालत आलेली तीच ती ख्रिस्तसभा आहे, आणि १५३४ मध्ये तिने पोपची सत्ता नाकारली असली, तरी बिशपांची परंपरा, प्राचीन मतांगीकार (श्रद्धेची सूत्रे) आणि संस्कार यांपैकी काहीही टाकून दिलेले नाही. त्यामुळे सात संस्कार, ख्रिस्तप्रसादात प्रभूची खरी उपस्थिती, याजकासमोर पापनिवेदन, मृतांसाठी प्रार्थना, मरियामातेचा आणि संतांचा सन्मान या सर्व गोष्टी ते उसन्या न मानता स्वतःच्या वारशाचा भाग मानतात. ही वेगळी ख्रिस्तसभा नाही आणि तिचे वेगळे सभासदत्वही नसते. अँग्लिकन समाजातच इव्हँजेलिकल (बायबल आणि वैयक्तिक श्रद्धा यांवर भर देणाऱ्या) आणि उदारमतवादी प्रवाहांच्या शेजारी वाहणारा हा तिसरा प्रवाह आहे.

गोव्याचे किंवा वसईचे कॅथलिक अँग्लो-कॅथलिक आहेत का?

नाहीत. ते रोमन कॅथलिक आहेत, त्यांचे बिशप पोपच्या अधिकाराखाली येतात आणि त्यांच्या इतिहासाचे धागे पोर्तुगीजांशी जोडलेले आहेत. नावातील साम्यामुळे आणखी एक गैरसमज होतो, तो अँग्लो-इंडियन समाजाविषयीचा. अँग्लो-इंडियन हे एका समाजाचे नाव आहे. त्या समाजात रोमन कॅथलिकही आहेत आणि अँग्लिकन परंपरेतीलही आहेत.

मग हे लोक प्रॉटेस्टंट आहेत की कॅथलिक?

या प्रश्नाचे उत्तर कोणाला विचारता यावर अवलंबून आहे. रोमच्या दृष्टीने ते सोळाव्या शतकात वेगळ्या झालेल्या समाजाचे सभासद आहेत, त्यांचा बाप्तिस्मा ग्राह्य आहे, पण त्यांचे याजकपद ग्राह्य नाही. इव्हँजेलिकल अँग्लिकनांच्या दृष्टीने ते धर्मसुधारणेने बाहेर घालवलेल्या गोष्टी मागच्या दाराने आत आणणारे लोक आहेत. स्वतः अँग्लो-कॅथलिकांच्या मते ‘कॅथलिक’ हे विशेषण कोणा एका पीठाच्या मालकीचे नाही. प्रेषितांपासून चालत आलेली श्रद्धा आणि बिशपांची अखंड मालिका जिथे आहे, तिथे कॅथलिक ख्रिस्तसभा आहे, मग पोपशी संबंध असो वा तुटलेला असो.

अडचण अशी, की त्याच ख्रिस्तसभेच्या अधिकृत दस्तऐवजांत दोन्ही बाजूंना आधार सापडतो. सामान्य प्रार्थनेच्या पुस्तकात बिशप, याजक आणि डीकन ही तिन्ही पदे जपलेली आहेत, आणि आजाऱ्याच्या भेटीच्या विधीत याजकाने पापक्षमेचे शब्द उच्चारण्याची तरतूदही आहे. दुसरीकडे, अँग्लिकन श्रद्धेचा अधिकृत जाहीरनामा असलेल्या ३९ कलमांपैकी २८ वे कलम भाकर आणि द्राक्षारस यांच्या तत्त्वांतराचा, म्हणजे त्यांचे मूळ तत्त्वच बदलून ख्रिस्ताचे शरीर व रक्त होते हा, सिद्धान्त फेटाळते आणि २२ वे कलम शुद्धिस्थानाविषयीची रोमची शिकवण व्यर्थ ठरवते. एलिझाबेथ राणीच्या काळातील तडजोड जाणूनबुजून अशी सैल ठेवलेली होती. अँग्लो-कॅथलिकांनी त्या सैलपणातून पळवाट काढली, असा आरोप होतो, आणि तो पूर्णपणे निराधार नाही. परंतु त्यांच्या विरोधकांनीही त्याच सैलपणाचा तितकाच लाभ घेतला, हे सहसा कोणी सांगत नाही.

ही चळवळ कधी आणि कशातून सुरू झाली?

प्रचलित तारीख १४ जुलै १८३३ ही आहे. त्या दिवशी अँग्लिकन पाळक जॉन कीबल यांनी ऑक्सफर्डच्या सेंट मेरी चर्चमध्ये न्यायाधीशांसमोर ‘राष्ट्रीय धर्मत्याग’ या विषयावर प्रवचन दिले. निमित्त राजकीय होते. ब्रिटिश संसदेने आयर्लंडमधील अँग्लिकन ख्रिस्तसभेची दहा बिशपपदे रद्द करण्याचे विधेयक आणले होते. बहुसंख्य आयरिश जनता रोमन कॅथलिक असताना ती पदे पोसण्यात व्यावहारिक अर्थ फारसा नव्हता, हे खरे. पण कीबल आणि त्यांचे मित्र विचारत होते ते वेगळेच: ख्रिस्तसभा ही सरकारचे एक खाते आहे काय, आणि बिशपाचा अधिकार संसदेकडून येतो की प्रेषितांकडून?

त्यानंतर जॉन हेन्री न्यूमन, कीबल, एडवर्ड पुसी आणि त्यांचे सहकारी यांनी १८३३ ते १८४१ या काळात ९० पुस्तिका काढल्या. सुरुवातीच्या पुस्तिका चार-दोन पानांच्या होत्या आणि न्यूमन त्या घोड्यावरून गावोगावच्या पाळकांकडे पोहोचवीत. या पुस्तिकांमुळे (इंग्रजीत ‘ट्रॅक्ट’) या मंडळींना ‘ट्रॅक्टेरियन’ हे नाव पडले. नव्वदावी पुस्तिका शेवटची ठरली. तीत न्यूमन यांनी असे प्रतिपादन केले, की ३९ कलमे रोममधील लोकप्रचलित अतिरेकाविरुद्ध आहेत, कॅथलिक श्रद्धेविरुद्ध नाहीत. यावर ऑक्सफर्डमध्ये गदारोळ उठला, आणि बिशपांनी एकामागून एक निषेधाची पत्रके काढली. ज्यांच्या अधिकाराचा पुस्तिकांनी आठ वर्षे गौरव केला होता, त्याच बिशपांनी पुस्तिका झिडकारल्या. ही विसंगती न्यूमन यांना आतून खात राहिली.

सतराव्या शतकातील लान्सलॉट अँड्रूज, विल्यम लॉड यांच्यासारख्या बिशपांच्या लेखनात या विचारांची मुळे आहेत. तरीही १८३३ पूर्वीच्या कोणाला अँग्लो-कॅथलिक म्हणणे घाईचे होईल.

न्यूमन रोमकडे गेले, तर पुसी आणि कीबल मागे का राहिले?

९ ऑक्टोबर १८४५ रोजी लिटलमोर येथे इटालियन धर्मगुरू डॉमिनिक बार्बेरी यांच्या हस्ते न्यूमन रोमन कॅथलिक ख्रिस्तसभेत दाखल झाले. पुढे १८७९ मध्ये ते कार्डिनल झाले, २०१९ मध्ये संत घोषित झाले आणि २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य ही पदवी दिली. १८५० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने गोरहॅम नावाच्या पाळकाच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा दुसरी मोठी गळती झाली. बाप्तिस्म्याने पुनर्जन्म होतो ही शिकवण न मानणारा माणूसही अँग्लिकन पाळक राहू शकतो, असे एका सरकारी न्यायमंडळाने ठरवले होते. पुढच्याच वर्षी हेन्री मॅनिंग रोमकडे गेले.

पुसी राहिले, आणि सुखात राहिले असे मुळीच नाही. ख्रिस्तप्रसादावरील एका प्रवचनाबद्दल १८४३ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना दोन वर्षे प्रवचनबंदी केली होती. तरी त्यांचा युक्तिवाद ठाम होता: आपल्या ख्रिस्तसभेतील संस्कार खरे असतील, तर ती आजारी असली तरी आई आहे, आणि आजारी आईला कोणी सोडून जात नाही. न्यूमन यांना सत्याचा निवाडा करणारे जिवंत पीठ हवे होते. पुसी यांना अविभक्त ख्रिस्तसभेची पहिल्या काही शतकांची शिकवण पुरेशी वाटत होती. माझ्या मते अँग्लो-कॅथलिक परंपरेतील पुढचे सगळे वाद या एका फाट्यावरून निघतात. धूप, मेणबत्त्या आणि वस्त्रे हे वरवरचे विषय होत. शेवटचा शब्द कोणाचा, हा खरा विषय आहे.

अँग्लो-कॅथलिक उपासनेत काय दिसते?

मोठ्या मिस्सेच्या वेळी वेदीवर सहा उंच मेणबत्त्या जळत असतात. रंगीत झग्यातील याजक लोकांकडे पाठ करून, म्हणजे पूर्वाभिमुख होऊन उभा असतो. धूपदाणीची साखळी खणखणते आणि उदाचा धूर वेदीभोवती पसरतो. भाकर वर उचलली जाते तेव्हा लहान घंटी वाजते, आणि लोक गुडघे टेकतात. वसईतील एखाद्या वयस्कर कॅथलिकाला हे सारे आपल्या लहानपणच्या लॅटिन मिस्सेसारखे वाटेल, फक्त कानांवर पडणारी भाषा सोळाव्या शतकातली भारदस्त इंग्रजी असेल. एका कोपऱ्यात ख्रिस्तप्रसादाच्या पेटीसमोर दिवा तेवत असतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात पापनिवेदनाची वेळ लिहिलेली असते.

अर्थात सगळीकडे असेच असते असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पर्सी डिअर्मर आणि त्यांच्यासारख्यांनी मध्ययुगीन इंग्लंडमधील विधी पुनरुज्जीवित करण्याचा आग्रह धरला, तर दुसऱ्या गटाला रोममध्ये चालू असलेलेच सर्व काही हुबेहूब हवे होते. या दोन गटांत वेदीवर मेणबत्त्या दोन असाव्यात की सहा, यावरूनही कडाक्याचे वाद झाले आहेत. बाहेरच्याला त्याचे हसू येईल, पण घराण्याच्या गायकीवरून भांडणाऱ्या मराठी रसिकांनी ते जपूनच हसावे.

या विधींसाठी लोक खरोखर तुरुंगात गेले का?

गेले. १८७४ मध्ये ब्रिटिश संसदेने सार्वजनिक उपासनेचे नियमन करणारा कायदा केला. पंतप्रधान डिझरायली यांनी त्याचा हेतू विधिवाद, म्हणजे अशा कॅथलिक धर्तीच्या विधींचा आग्रह, मोडून काढणे हा असल्याचे उघडपणे सांगितले होते. या संघर्षात पाच याजकांनी तुरुंगवास पत्करला. लंडनमधील हॅचमचे आर्थर टूथ १८७७ मध्ये आत गेले. मँचेस्टरच्या माइल्स प्लॅटिंग भागातील सिडनी ग्रीन यांना तर लँकेस्टरच्या किल्ल्यात दीड वर्षाहून अधिक काळ डांबून ठेवले होते. तांत्रिकदृष्ट्या ही शिक्षा धूप जाळल्याबद्दल नव्हती, ती न्यायालयाचा हुकूम न मानल्याबद्दल होती. कारण उपासनेच्या बाबतीत संसदेने नेमलेल्या न्यायाधीशाला अधिकारच नाही, असे या याजकांचे म्हणणे होते. पाळकाला मेणबत्तीपायी कोठडीत टाकलेले पाहून जनमत फिरले. पुढे लिंकनचे बिशप एडवर्ड किंग यांच्यावरील खटल्यात कँटरबरीचे आर्चबिशप एडवर्ड बेन्सन यांनी १८९० मध्ये बहुतांशी त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि असे खटले हळूहळू थांबले.

ही चळवळ म्हणजे केवळ विधींचे वेड होते का?

तसे असते, तर ती लंडनच्या गोदीतील वस्त्यांत रुजली नसती. चार्ल्स लाउडर यांनी १८५६ पासून त्या भागात काम केले. १८६६ मध्ये तेथील सेंट पीटर्स चर्चचे समर्पण झाले, त्याच वर्षी पटकीची साथ आली, आणि घरोघरी जाऊन रुग्णांना उचलून नेणाऱ्या या याजकाला गोदीतले लोक ‘फादर’ म्हणू लागले. होबर्नमध्ये अलेक्झांडर मॅकोनोकी आणि पोर्ट्समथमध्ये रॉबर्ट डॉलिंग यांची कामेही याच धर्तीची होती. श्रीमंत परगण्यांतील बिशप अशा लोकांना नेमायला तयार नसत, म्हणूनही ते गरीब वस्त्यांत गेले, हेही खरे आहे.

१९२३ मधील अँग्लो-कॅथलिक परिषदेत झांझिबारचे बिशप फ्रँक वेस्टन यांनी श्रोत्यांना बजावले, की झोपडपट्टीतल्या येशूची दया येत नसेल, तर वेदीवरील पेटीतल्या येशूची उपासना करतो असे म्हणण्याचा तुम्हाला अधिकार नाही. दक्षिण आफ्रिकेत सोफियाटाउनमध्ये काम करणारे ट्रेव्हर हडलस्टन हे याच परंपरेतील मठवासी होते, आणि डेस्मंड टूटू यांच्या जडणघडणीत त्यांचा मोठा वाटा होता.

रोमने अँग्लिकन याजकपद का नाकारले?

१३ सप्टेंबर १८९६ रोजी पोप लिओ तेरावे यांनी काढलेल्या आज्ञापत्रात अँग्लिकन याजकदीक्षा ‘पूर्णपणे निरर्थक व शून्यवत्’ असल्याचे जाहीर केले. यामागे दोन कारणे दिली होती. पहिले दीक्षाविधीच्या शब्दांचे: इंग्लंडचा राजा सहावा एडवर्ड याच्या काळात तयार झालेल्या विधीतून याजकाच्या यज्ञार्पणाचे उल्लेख काढून टाकले होते, आणि कोणते पद दिले जात आहे हेही दीक्षेच्या मुख्य वाक्यात स्पष्ट नव्हते. १६६२ मध्ये ते शब्द घालण्यात आले, पण तोवर शंभर वर्षे उलटून बिशपांची मालिका तुटली होती. दुसरे कारण हेतूचे: विधी ज्यांनी असा बदलला, त्यांचा हेतू ख्रिस्तसभेच्या हेतूशी जुळत नव्हता.

कँटरबरी आणि यॉर्कच्या आर्चबिशपांनी १८९७ मध्ये लॅटिनमध्येच उत्तर दिले. त्यांचा युक्तिवाद धारदार होता: हीच कसोटी लावली, तर रोमचे स्वतःचे काही प्राचीन विधीही तिला उतरणार नाहीत, मग तुमचेही याजकपद संशयास्पद ठरेल. शिवाय १५५९ मध्ये एलिझाबेथ राणीचे पहिले कँटरबरीचे आर्चबिशप मॅथ्यू पार्कर यांना बिशपपदाची दीक्षा देणाऱ्या चौघांपैकी दोघांची स्वतःची दीक्षा जुन्या विधीने झालेली होती.

या प्रकरणाला पुढे एक वळण आले. १९३१ च्या बॉन करारानंतर रोमपासून वेगळ्या झालेल्या उट्रेक्टच्या ‘जुन्या कॅथलिक’ ख्रिस्तसभेचे बिशप अँग्लिकन बिशपांच्या दीक्षाविधीत सहभागी होऊ लागले, आणि त्यांची दीक्षा रोमला ग्राह्य आहे. त्यामुळे लंडनचे माजी बिशप ग्रॅहम लेनर्ड १९९४ मध्ये रोमन कॅथलिक झाले, तेव्हा त्यांना याजकदीक्षा सशर्त देण्यात आली; आधीची दीक्षा ग्राह्य असण्याची शक्यता रोमने अशा रीतीने मान्य केली. हा अपवाद होता. रोमकडे जाणाऱ्या इतर अँग्लिकन याजकांना सहसा नव्यानेच दीक्षा दिली जाते, आणि १८९६ चा निर्णय आजही मागे घेतलेला नाही.

‘शाखा सिद्धान्त’ म्हणजे काय?

विल्यम पामर यांनी १८३८ मध्ये मांडलेल्या या विचारानुसार एकाच कॅथलिक ख्रिस्तसभेच्या तीन शाखा आहेत: रोमन, पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स आणि अँग्लिकन. हा सिद्धान्त दिसायला समंजस आहे. त्यातील अडचण एवढीच, की बाकीच्या दोन शाखांना तो मान्य नाही. रोम आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभा दोघेही ख्रिस्तसभा अविभाज्य आहे असे मानतात आणि आपणच ती आहोत असे म्हणतात. कॉन्स्टँटिनोपलच्या पीठाने १९२२ मध्ये अँग्लिकन याजकपदाविषयी अनुकूल मत दिले खरे, पण त्यातून सहभागिता निर्माण झाली नाही. आज फारसा कोणी अँग्लो-कॅथलिक विचारवंत हा सिद्धान्त त्याच्या मूळ रूपात मांडत नाही.

दोन्ही बाजूंनी जवळ येण्याचे प्रयत्न झाले का?

अँग्लो-कॅथलिकांचे नेते लॉर्ड हॅलिफॅक्स यांनी आयुष्यभर हाच ध्यास घेतला होता. त्यांच्याच पुढाकाराने १९२१ पासून बेल्जियममध्ये मालिन येथे कार्डिनल मर्सिए यांच्या घरी अँग्लिकन आणि कॅथलिक अभ्यासकांच्या बैठका झाल्या. अँग्लिकन ख्रिस्तसभा रोमशी ‘एकरूप व्हावी, विरून जाऊ नये’ हा विचार तिथे मांडला गेला. मर्सिए यांच्या मृत्यूनंतर त्या बैठका थंडावल्या.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर वातावरण पालटले. २४ मार्च १९६६ रोजी रोममधील सेंट पॉल महामंदिराबाहेर पोप पॉल सहावे यांनी आपल्या बोटातील बिशपपदाची अंगठी काढून कँटरबरीचे आर्चबिशप मायकेल रॅमसे यांच्या बोटात घातली. ज्यांचे बिशपपद रोम कागदोपत्री शून्यवत् मानते, त्यांना बिशपाची अंगठी देण्याचा अर्थ काय लावायचा, यावर धर्मपंडित अजून वाद घालतात. त्यानंतर स्थापन झालेल्या संयुक्त आयोगाने ख्रिस्तप्रसाद आणि याजकपद यांवर उल्लेखनीय सहमती नोंदवली. अधिकाराच्या प्रश्नावर गाडी अडली ती अडलीच.

स्त्रियांच्या याजकपदावरून फूट का पडली?

११ नोव्हेंबर १९९२ रोजी इंग्लंडच्या ख्रिस्तसभेच्या महासभेने स्त्रियांना याजकदीक्षा देण्याचा निर्णय थोडक्या मतांनी संमत केला, आणि १९९४ मध्ये ब्रिस्टल येथे पहिल्या स्त्रियांना दीक्षा मिळाली. याला विरोध करणाऱ्या सगळ्या अँग्लो-कॅथलिकांचा आक्षेप स्त्रियांच्या पात्रतेवर नव्हता. अनेकांचे म्हणणे असे, की रोम आणि ऑर्थोडॉक्स यांच्यासह सर्वांना समान असलेले याजकपद एका प्रांताच्या महासभेने मतदानाने बदलावे, हे स्वतःला कॅथलिक म्हणवणाऱ्या ख्रिस्तसभेला शोभत नाही. उलट बाजूच्या अँग्लो-कॅथलिकांनी, विशेषतः १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘अफर्मिंग कॅथलिसिझम’ या गटाने, परंपरा जिवंत असते आणि ती वाढते, असा मुद्दा मांडला. आपल्या सोयीसाठी या मंडळींनी न्यूमन यांचाच सिद्धान्तविकासाचा विचार वापरला, हे गमतीचे आहे.

यामुळे आज इंग्लंडमध्ये एकाच धूपाच्या वासाची दोन चर्च शेजारी-शेजारी असू शकतात, ज्यांपैकी एकात स्त्री याजक मिस्सा अर्पण करते आणि दुसऱ्यात तिची दीक्षा मानली जात नाही. २०१५ मध्ये लिबी लेन या पहिल्या स्त्री बिशप झाल्या, आणि २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मलाली यांचे नाव जाहीर झाले.

ऑर्डिनरिएट ही काय व्यवस्था आहे?

४ नोव्हेंबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी अँग्लिकन गटांना आपला उपासनावारसा सांभाळून रोमन कॅथलिक होण्याची सोय केली. त्यानुसार २०११ मध्ये ब्रिटनसाठी आणि २०१२ मध्ये उत्तर अमेरिका व ऑस्ट्रेलिया यांच्यासाठी स्वतंत्र प्रशासकीय घटक स्थापन झाले. त्यांना ऑर्डिनरिएट म्हणतात. विवाहित अँग्लिकन याजकांना तिथे कॅथलिक याजक होता येते, मात्र विवाहितांना बिशप होता येत नाही. कराचीत जन्मलेले आणि रॉचेस्टरचे अँग्लिकन बिशप राहिलेले मायकेल नझीर-अली २०२१ मध्ये याच मार्गाने कॅथलिक याजक झाले. एकेकाळी नाकारलेल्या प्रार्थनापुस्तकाची इंग्रजी आता रोमच्या संमतीने वेदीवरून ऐकू येते, ही गोष्ट पुसी यांना सांगितली असती, तर त्यांचा विश्वास बसला नसता.

महाराष्ट्राशी या परंपरेचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो पुण्यात सर्वांत ठळकपणे दिसतो. रिचर्ड बेन्सन यांनी १८६६ मध्ये ऑक्सफर्डजवळील काउली येथे सेंट जॉन द इव्हँजेलिस्टचा पुरुष संन्याशांचा समाज स्थापन केला. या ‘काउली फादर्स’नी १८७४ मध्ये मुंबईत काम सुरू केले, माझगावचे सेंट पीटर्स आणि उमरखाडीचे होली क्रॉस ही चर्च त्यांच्याशी जोडलेली होती. पुण्यात गुरुवार पेठेतील पंचहौद मिशन त्यांच्याकडे होते. तिथल्या पवित्र नाम देवालयाचे समर्पण १८८५ मध्ये झाले आणि नंतर त्याच्या शेजारी घंटांचा उंच मनोरा उभा राहिला. १८७७ पासून इंग्लंडमधील वाँटेजच्या सेंट मेरी संघाच्या सिस्टर्सही पुण्यात होत्या. मराठी वाचकाला पंचहौद आठवतो तो १८९० च्या चहामुळे. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांना प्रायश्चित्ताच्या वादात ओढणारा तो चहा अँग्लो-कॅथलिक मिशनमध्ये झाला होता, ही बाब मात्र सहसा सांगितली जात नाही.

याच वर्तुळात फादर नेहेम्या गोऱ्हे होते. काशीतील चित्पावन घराण्यातील हे नीळकंठशास्त्री गोऱ्हे १८४८ मध्ये इव्हँजेलिकल मिशनऱ्यांमुळे ख्रिस्ती झाले, पण पुढे प्राचीन ख्रिस्तसभेच्या अधिकाराचा शोध घेत हाय चर्च, म्हणजे कॅथलिक बाजूला झुकणाऱ्या अँग्लिकन, मताकडे वळले. त्यांनी काउली समाजात उमेदवारी केली, अखेरचे व्रत मात्र घेतले नाही. शास्त्रप्रामाण्यात वाढलेल्या पंडिताला ‘ज्याचे त्याने बायबल वाचून ठरवावे’ हे उत्तर अपुरे वाटावे, हे मला तरी समजण्यासारखे वाटते.

पंडिता रमाबाईंची वाट नेमकी उलटी गेली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा आणि त्यांची मुलगी मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला. आपली बौद्धिक खात्री पटण्यात गोऱ्ह्यांचा वाटा असल्याचे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. परंतु त्रैक्याचा सिद्धान्त आणि ख्रिस्तसभेची आज्ञाधारकता यांवरून वाँटेजच्या संघातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. मोठ्या कष्टाने आपण भारतातील पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटलो आहोत, तेव्हा धर्मगुरूंचे प्रत्येक वचन ईश्वराची आज्ञा मानून दुसरे तसलेच जोखड मानेवर घेण्याची आपली तयारी नाही, असे त्यांनी १८८५ मध्ये लिहिले. न्यूमन आणि पुसी यांना चाळीस वर्षांपूर्वी छळणारा प्रश्नच या पत्रांत एका मराठी स्त्रीने उलट दिशेने विचारला आहे. या परंपरेचा अभ्यास करणाऱ्या मराठी वाचकाने ऑक्सफर्डच्या पुस्तिकांआधी ही पत्रे वाचावीत, असे मी सुचवीन.

विसाव्या शतकात जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. खादी, शाकाहार आणि आश्रमजीवन यांच्या जोडीला त्यांना कॅथलिक पद्धतीची उपासना हवी होती, पण ती इंग्रजी साच्यातली नको होती. त्यामुळे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतासाठीचा ख्रिस्तप्रसाद विधी सीरियन परंपरेच्या आधाराने रचला. व्हेरिअर एल्विन १९२७ मध्ये याच संघात आले आणि पुढे शामराव हिवाळे यांच्यासह गोंड प्रदेशात गेले.

आज भारतात ही परंपरा कुठे आहे?

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि अँग्लिकन ख्रिस्तसभा काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट आदी समाजांसह त्यात सामील झाली. १९४७ मध्ये दक्षिण भारतात असेच ऐक्य झाले, तेव्हा बिशपांकडून दीक्षा न झालेल्या पाळकांना तसेच स्वीकारल्यामुळे इंग्लंडमधील अँग्लो-कॅथलिक खवळले होते. उत्तरेत म्हणून आरंभीच सर्व परंपरांच्या धर्मसेवकांवर, अँग्लिकन बिशपांवरही, हस्तारोपण (डोक्यावर हात ठेवून अधिकार देण्याचा विधी) करण्यात आले. आता वेगळा अँग्लो-कॅथलिक गट म्हणावा असे इथे फारसे काही नाही. काही जुन्या चर्चमधील वेदी, वस्त्रे आणि उपासनेची ढब यांत ती परंपरा उरली आहे.

रोमन कॅथलिक व्यक्तीने अँग्लो-कॅथलिक मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घ्यावा का?

उपासनेला उपस्थित राहण्यास, गीते म्हणण्यास आणि प्रार्थनेत सामील होण्यास रोमन कॅथलिकांना मनाई नाही. ख्रिस्तप्रसाद मात्र त्यांनी घेऊ नये, कारण तिथल्या याजकाचे याजकपद रोमला ग्राह्य नाही. उलट दिशेचा नियम वेगळा आहे: इंग्लंडची ख्रिस्तसभा त्रैक्य मानणाऱ्या आणि आपल्या ख्रिस्तसभेत चांगल्या स्थितीत असलेल्या कोणाही प्रसादग्राही ख्रिस्ती व्यक्तीला प्रसाद देते, तर कॅथलिक याजक अँग्लिकन व्यक्तीला तो मरणाच्या धोक्यासारख्या गंभीर प्रसंगी आणि ठरावीक अटींवरच देऊ शकतो. बाप्तिस्म्याच्या बाबतीत असा पेच नाही. अँग्लिकन चर्चमध्ये पाण्याने आणि त्रैक्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा रोमला मान्य असल्याने, कॅथलिक होऊ इच्छिणाऱ्या अँग्लिकनाचा बाप्तिस्मा पुन्हा केला जात नाही. दाखला मात्र मागितला जातो, तेव्हा तो आपल्या चर्चमधून आधीच काढून ठेवावा.